जवायाचा कडता

खामगावच्या बाजार समितीच्या आवारात मोठ्या तराजूवर सकाळी पहिला माल चढायचा तो बहुधा मिरचीचा. १९७७ च्या ऑगस्टमधल्या पहिल्या सोमवारी मात्र आठाच्या ठोक्याला पारड्यात बसला तो उकंडराव मापाऱ्यांचा जवाई इंद्रभान. मांडी घालून, दोन्ही हातांनी साखळ्या धरून. डोक्यावर टोपी आणि टोपीखाली एकही केस नाही.

"हालू नका, जवाई," उकंडराव म्हणाले.

"मी कुठी हालून राह्यलो. तुमचं पारडंच हालते."

"हे पारडं बावीस वर्षांत हाललं नाही."

"तवा त्याच्यात मिर्ची होती. मिर्ची गप बसते."

इंद्रभान म्हणजे उकंडरावांच्या धाकट्या बहिणीचा, जनकाबाईचा नवरा; वऱ्हाडात बहिणीच्या नवऱ्यालाही जवाईच म्हणतात. खामगावपासून दोन कोसांवर त्याचा भाजीपाल्याचा मळा होता. वांगी, मिरची, सांबार म्हणजे कोथिंबीर. वय चव्वेचाळीस. थट्टेशिवाय त्याचं एक वाक्य पुरं होत नसे, आणि गेल्या वर्षभरात जे झालं त्यानंही ती सवय मोडली नव्हती.

उकंडरावांनी दुसऱ्या पारड्यात वीस वीसची दोन वजनं ठेवली, मग दहाचं, मग पाचाचं, मग एक किलोचं. दांडी सरळ झाली. बाजाराच्या रिवाजाप्रमाणे पहिल्या मापाला 'एक' म्हणायचं नसतं, म्हणून ते मोठ्यानं "लाभ" म्हणाले आणि खिशातली वही काढली. वहीत तीन रकाने होते. पहिल्यात भरवजन: छप्पन्न. दुसऱ्यात कडता. तिसऱ्यात निव्वळ.

कडता म्हणजे भरवजनातून कापायचं वजन. पोत्याचं, मातीचं, ओलाव्याचं. सरकारनं त्याला बंदी घातली होती, पण मापाऱ्याचा हात ती पुरती मानायला तयार नव्हता. उकंडरावांचा कडता आवारात नावाजलेला होता. जेवढी माती तेवढाच ते कापत, आणि माती किती ते पोत्याला नुसता हात लावून सांगत. व्यापारी कुरकुरत नसे, शेतकरीही नाही. भरवजन तसंच्या तसं कागदावर उतरवणं म्हणजे त्यांच्या लेखी अर्धवट काम होतं.

त्यांनी जवायाकडे एकदा नीट पाहिलं. धोतर, सदरा, टोपी: दीड किलो. आठ दिवसांची झड लागलेली, सगळं दमट: अर्धा किलो. एकूण दोन. निव्वळ चौपन्न.

मुंबईला पाठवायच्या छापील कार्डावर त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं: वजन ५४.

*

हे कार्ड कशासाठी होतं ते सांगायला हवं.

आदल्या वर्षी इंद्रभानच्या उजव्या मांडीत गाठ आली. अकोल्याला कापली. सहा महिन्यांत ती परत आली, आधीपेक्षा मोठी. तेव्हा उकंडराव त्याला मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात घेऊन गेले. तिथं डॉक्टर सुमती पागनीस म्हणून पन्नाशीच्या बाई होत्या. त्यांनी छातीचा फोटो उजेडावर धरला आणि तीन पांढरे ठिपके दाखवले.

"ही गाठ हाडाची नाही, कातडीचीही नाही. मधल्या मांसाची आहे. मांडीतून ती छातीपर्यंत गेली आहे. कापून काढायची वेळ गेली."

इंद्रभाननं विचारलं, "मंग आता?"

"दोन औषधं आहेत. एकेकटी देऊन पाहिली, थोडा उपयोग होतो. दोन्ही मिळून दिली तर किती होतो, आणि माणसाला सोसतं का, ते आम्ही पाहतो आहोत. चाळीस जणांवर. तुम्ही तयार असाल तर तुम्ही सतरावे."

"आधीचे सोळा कसे हायेत?"

डॉक्टरीणबाईंनी रजिस्टर चाळलं. "अकरा जणांचं औषध चालू आहे. दोघांना सोसलं नाही म्हणून थांबवलं. तिघे गेले."

इंद्रभाननं मान हलवली. "वांग्यावर दोन दवा मिळून फवारल्या तर अळी लवकर मरते, हे मले माईत हाये. पण पान जळते का, ते पाहा लागते."

"तेच," बाई म्हणाल्या. "अगदी तेच पाहायचं आहे."

"मंग लिवा मले सतरावा."

त्यानं मराठीत सही केली. औषध दर चार आठवड्यांनी, मंगळवारी. एक लालभडक, दुसरं काळ्या कागदात गुंडाळून आणत कारण त्याला उजेड चालत नसे. पहिल्या वेळेला दोन दिवस उलट्या झाल्या. लघवी लाल झाली, ती होणार हे बाईंनी सांगून ठेवलं होतं तरी तो मोरीतून बाहेर येऊन उकंडरावांना म्हणाला, "आत गुलाल उधळून आलो." पंधरा दिवसांनी केस गेले. टोपी सैल झाली तेव्हा जनकाबाईनं आतून पट्टी शिवून दिली.

मधल्या काळात दर सोमवारी एक कार्ड मुंबईला पाठवायचं. वजन, ताप, जेवण आणि गाठीपाशी मांडीचा घेर. औषध घ्यायला जायच्या आठवड्यातच काय ते नाही. ते कशासाठी, हे बाईंनी दुसऱ्या वेळेला नीट समजावलं होतं. उकंडराव शेजारीच उभे होते आणि त्यांनी शब्द न् शब्द ऐकला होता.

"औषध वजनावर ठरतं. वजन जास्त धरलं गेलं तर औषध जास्त जाईल, ते रक्ताला झेपणार नाही. आणि पहिल्या दिवसाच्या वजनाचा दहावा हिस्सा उतरला, तर आम्ही औषध बंद करतो. मग तो माणूस चाचणीत राहत नाही."

पहिल्या दिवशी वजन सत्तावन्न होतं. उकंडरावांनी तोंडी हिशेब केला: एक्कावन्न किलो तीनशे. त्याखाली जायचं नाही. पण त्यांच्या मनात घर केलं ते आधीच्या वाक्यानं. वजन जास्त धरलं गेलं तर.

जुलैतली कार्डं खामगावच्या दवाखान्यातल्या बेबीताई नर्सनं भरली. सत्तावन्न, साडेछप्पन्न, छप्पन्न. मग तिच्या वजनकाट्याची स्प्रिंग तुटली आणि काटा दुरुस्तीला अकोल्याला गेला. "उकंडभाऊ, तुमच्या तराजूवर करून घ्या," ती म्हणाली. "वजन ते वजन."

*

दुसऱ्या सोमवारी भरवजन भरलं पंचावन्न किलो सहाशे. झड थांबली नव्हती. इंद्रभान मळ्यातून बैलगाडीनं भिजत आला होता, आणि निघताना जेवूनही आला होता.

"किती खाल्लं?" उकंडरावांनी विचारलं.

"तीन भाकरी. वांग्याची भाजी. तुमची बहीण उठू देते का."

उकंडरावांनी कपड्यांचा दीड धरला, ओलाव्याचा एक, पोटातल्या अन्नाचा सहाशे ग्रॅम. निव्वळ साडेबावन्न. जेवणाच्या रकान्यात त्यांनी दोन भाकरी लिहिलं. इंद्रभान भाकरीचे काठ ताटात टाकतो हे त्यांनी लग्नापासून पाहिलं होतं.

तिसरा सोमवार पंधरा ऑगस्टचा. आवाराला सुट्टी, पण झेंडावंदन होतं, म्हणून उकंडरावांकडे किल्ली होती. झेंडावंदनानंतर बुंदी वाटली. इंद्रभाननं दोनदा घेतली, वर तांब्याभर पाणी प्याला आणि पारड्यात जाऊन बसला. अंगावर जनकाबाईनं जाड बंडी चढवली होती.

भरवजन साडेपंचावन्न. बंडीसकट कपडे दोन किलो. ओलावा दीड. बुंदी आणि पाणी एक किलो दोनशे. निव्वळ पन्नास किलो आठशे.

वहीत तो आकडा लिहिताना उकंडरावांचा हात थबकायला हवा होता. पण शेजारी इंद्रभान बुंदीचे कण मिशीतून काढत बेबीताईला सांगत होता, "डोक्यावरचे केस गेले, मिशीचे राह्यले. औषधाले बी माणूस ओळखू येते." सगळे हसत होते. इतक्या हसऱ्या माणसाचं काही बिघडू शकतं हे त्या सकाळी कुणाच्याच मनात आलं नाही. कार्ड दुसऱ्या दिवशी टपालात पडलं.

*

शुक्रवारी दुपारी तार आली.

तार म्हणजे कुणीतरी गेलं. पोस्टमन बांधावरून येताना दिसला तशी शेजारच्या मळ्यातली पंचफुला धावत आली, आणि काय आहे ते कळायच्या आत तिनं जनकाबाईच्या गळ्यात पडून सूर धरला. उकंडराव त्या दिवशी भाजीची पोती मोजायला मळ्यावरच आले होते. त्यांनीही हातातलं पोतं तिथंच टाकलं.

इंद्रभान वांग्याच्या ओळीतून उठून आला. "काऊन रडता वं? कोन गेलं?"

"तार आली, दाजी," पंचफुला म्हणाली.

"मुंबईहून हाये," पोस्टमन म्हणाला.

"मुंबईत तं माह्यावाला कोनीच नाही. मीच एक हावो तिथल्या वहीत. अन् मी तं इथं उभा हावो." इंद्रभाननं आपला हात चाचपून पाहिला. "हावो ना?"

पंचफुलेचा सूर बंद झाला. तार इंग्रजीत होती. ती वाचायला बेबीताईला बोलावलं. तिनं वाचली, परत एकदा वाचली, आणि हळू आवाजात मराठीत सांगितली. वजन मर्यादेखाली. तिसरा डोस रद्द. चाचणीतून नाव कमी. मंगळवारी तपासणीपुरतं यावं.

इंद्रभान बांधावर बसला. थट्टा करायला त्यानं तोंड उघडलं आणि ती सापडली नाही, हे उकंडरावांनी पाहिलं. गेल्या वर्षभरात पहिल्यांदा.

"पण मी तं जेवून राह्यलो," तो एवढंच म्हणाला.

जनकाबाई उठून घरात गेली. परत आली ती हातात काळ्या दोऱ्यांचा झुपका घेऊन. मांडीचा घेर ती दोऱ्यानं मापायची. गाठीभोवती दोरा गुंडाळायचा, जुळतो तिथं गाठ मारायची, मग दोरा बेबीताईच्या फितीवर ठेवून आकडा वाचायचा. पहिल्या दिवसापासूनचे सातही दोरे तिनं खुंटीला बांधून ठेवले होते. तिनं ते जमिनीवर ओळीनं मांडले. पहिला सर्वांत लांब, सातवा सर्वांत आखूड. मधला एकही आधीच्यापेक्षा लांब नव्हता.

"गाठ उतरून राह्यली," ती म्हणाली. "यायचं खानं चालू हाये. बंडीची गुंडी बी पयल्यासारखीच लागते. मंग वजन कसं उतरलं? दादा, तुम्ही किती लिवलं?"

"पन्नास आठशे."

"अन् तराजूवर किती भरलं?"

"साडेपंचावन्न."

जनकाबाई भावाकडे पाहत राहिली. "मंग पाच किलो कुठी गेले?"

उकंडरावांनी वही उघडली आणि समजावून सांगायला लागले. कपड्यांचे दोन, ओलाव्याचा दीड. बोलता बोलता त्यांचा आवाज बारीक होत गेला. बुंदीपाशी येईपर्यंत तो जवळजवळ ऐकू येईना.

"दादा," जनकाबाई म्हणाली, "तुम्ही माह्या नवऱ्याले कडता लावला?"

बेबीताईनं तोंडावर पदर धरला. पंचफुला दुसरीकडे पाहायला लागली.

"डॉक्टरीणबाई म्हणे, वजन जास्त धरलं तर औषध जास्त जाते, रक्ताले झेपत नाही," उकंडराव म्हणाले. "म्या म्हटलं, थोडं कमीच धरावं. कमी धरल्यानं कोनाचं वाईट होत नाही."

"तिथं कमी धरलं तं औषधच बंद होते, हे नाही आयकलं?"

"आयकलं होतं." त्यांनी टोपी काढून हातात घेतली. "पण मनात राह्यलं नाही."

इंद्रभान बांधावरून उठला. त्याच्या चेहऱ्यावर आधी काहीच नव्हतं. मग मिशी थरथरली. "ओलाव्याचा दीड किलो," तो म्हणाला. "साळेबुवा, म्हंजे मी कच्चा माल हावो? मले उन्हात वाळत घालाचं होतं ना चार दिवस."

हसणारा तो एकटाच होता, पण त्याला पाहून जनकाबाईच्या खांद्यावरचा ताण थोडा उतरला. उकंडरावांचा नाही उतरला. बावीस वर्षांत त्यांच्या मापावर कुणी बोट ठेवलं नव्हतं. आणि ज्या एका मापावर एका माणसाचं औषध टांगलेलं होतं, तेच चुकलं होतं.

"सोमवारी सकाळी आवारात या," ते म्हणाले. "उपाशीपोटी. मुंबईले जे कपडे घालाचे तेच घालून, चपला सुद्धा. अन् जना, तूबी चाल. दोरे घे."

*

सोमवारी भरवजन पंचावन्न किलो चारशे भरलं. उकंडरावांनी तो आकडा पहिल्या रकान्यात लिहिला, खाली बेबीताईची सही घेतली आणि दुसऱ्या रकान्यावर आडवी रेघ मारली. दुपारच्या गाडीनं तिघं जलंबला गेली, तिथून मुंबईच्या गाडीत बसली. इंद्रभान खिडकीपाशी झोपला. उकंडराव रात्रभर वही छातीशी धरून बसले.

मंगळवारी सकाळी डॉक्टर पागनीस यांनी इंद्रभानला पाहिलं आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. पन्नास किलोच्या माणसाचे गाल असे नसतात. त्यांनी त्याला दवाखान्याचे पातळ कपडे घालायला लावले आणि काट्यावर उभं केलं. काटा त्रेपन्न किलो नऊशेवर थांबला.

"आठ दिवसांत तीन किलो वाढले?" बाई म्हणाल्या. "यातलं एक खोटं आहे. कार्ड कुणी भरलं?"

"म्या," उकंडराव म्हणाले, आणि त्यांनी सगळं सांगितलं. काही गाळलं नाही. कडता म्हणजे काय, तो का लावतात, कितीचा लावला, कशाचा लावला. बुंदीसुद्धा सांगितली.

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"उकंडराव, तुम्ही मुद्दाम केलं नाही हे मला दिसतंय. पण माझी अडचण समजून घ्या. हे औषध चाळीस जणांना देऊन जे दिसेल, त्यावर पुढच्या हजारांना द्यायचं की नाही ते ठरेल. त्यात एकाचे आकडे मनाचे असतील तर उत्तर सगळ्यांचंच चुकेल. ज्याची कार्डं भरवशाची नाहीत त्याला मला ठेवता येत नाही. यांच्यावर राग म्हणून नव्हे, उरलेल्या एकोणचाळीस जणांसाठी."

"बरोबर हाये," उकंडराव म्हणाले. त्यांना ते खरोखरच बरोबर वाटलं. "पण बाई, मापारी निव्वळ लिवते तवा भरवजन फेकत नाही. तेही लिवून ठेवते. हे पाहा."

त्यांनी वही पुढं केली. बाईंचं बोट पहिल्या रकान्यावरून खाली गेलं. छप्पन्न. पंचावन्न सहाशे. साडेपंचावन्न. पंचावन्न चारशे, कालची तारीख, नर्सची सही.

"हा रकाना खरा कशावरून?"

"कालचं वजन याच कपड्यांत केलं. चपलांत. उपाशी. आता बी ते उपाशीच हायेत. तुमच्या काट्यावर कपड्यांसकट चढवा. पटलं तं पटलं."

इंद्रभान आपले कपडे घालून आला. "टोपी बी ना?"

"टोपी बी," उकंडराव म्हणाले.

तो चढला. काटा हलला, डुलला, थांबला. पंचावन्न किलो पाचशे.

"शंभर ग्रॅम जास्त," बाई म्हणाल्या.

"तो तुमचा काटा हाये," उकंडराव पुटपुटले. जनकाबाईनं त्यांना कोपरानं ढोसलं. बाईंनी ऐकलं आणि एका चिठ्ठीवर काहीतरी लिहिलं.

"आणखी कशाला कडता लावलात? ताप?"

"ताप बेबीताईनं पाह्यला. तिले कडता माईत नाही."

"जेवण? इथं दोन भाकरी लिहिल्यात."

उकंडरावांनी वही मिटली.

"मी तीन खातो," इंद्रभान म्हणाला.

"काठ टाकतात हे," उकंडराव जमिनीकडे पाहत म्हणाले.

"आणि घेर? पन्नास-पंचावन्नच्या घोळात तोच मला सर्वांत महत्त्वाचा आहे."

"त्याले म्या यायले हात लावू देला नाही," जनकाबाई पहिल्यांदाच बोलली. "दादा म्हणे चामडीचं थोडं कापू का. म्या म्हटलं, जेवढं हाये तेवढं लिवा." तिनं रुमाल सोडला आणि दोरे टेबलावर मांडले. आता ते आठ होते.

डॉक्टरीणबाईंनी फीत घेतली. पहिला दोरा बासष्ट सेंटिमीटर. त्यांनी रजिस्टर उघडलं. पहिल्या दिवशी त्यांनी स्वतः मोजलेला घेर बासष्टच होता. दुसऱ्या औषधाआधीच्या शेवटच्या सोमवारचा दोरा साठ, रजिस्टरातही साठ. शेवटचा छप्पन्न. त्यांनी इंद्रभानला झोपवलं, फीत गुंडाळली आणि स्वतः मोजलं. छप्पन्न.

त्यांनी आठही दोरे पुन्हा ओळीनं लावले. मग लाल शाईचं पेन काढलं. कार्डावरच्या चुकीच्या आकड्यावर एक सरळ रेघ मारली, शेजारी बरोबर आकडा लिहिला, सही केली आणि पेन उकंडरावांपुढं धरलं.

"तुमचीही सही हवी. खोडायचं नाही. चूक काय होती ते दिसलं पाहिजे."

"आमच्या चोपडीत बी असंच असते," उकंडराव म्हणाले आणि तिन्ही कार्डांवर सही केली. अक्षर सुवाच्य आलं.

"सत्तावन्नचे त्रेपन्न नऊशे," बाई म्हणाल्या. "मर्यादेच्या वर आहे. रक्त चांगलं आलं आणि फोटो पाहून झाला की औषध आज सुरू करू."

जनकाबाईनं आठही दोरे गोळा केले. ते रुमालात बांधताना तिला गाठ तीनदा मारावी लागली.

रक्ताचा कागद दुपारी आला, चांगला. मग फोटो आला. बाईंनी तो उजेडावर धरला, शेजारी जुना धरला.

"तीन ठिपके होते. एक आता दिसत नाही. दुसरा होता तेवढाच आहे. तिसरा लहान झाल्यासारखा वाटतो, पण फोटो जरा तिरपा आलाय, म्हणून तो मी धरणार नाही. औषध काम करतंय, आजपुरतं इतकंच म्हणता येईल. पुढं काय होईल ते मला माहीत नाही."

उकंडरावांनी मान तिरकी करून फोटोकडे पाहिलं, मग बाईंकडे.

"बाई," ते म्हणाले, "तिसऱ्यावर तुम्ही कडता लावला."

बाईंनी त्यांच्याकडे रोखून पाहिलं. मग त्या इतक्या मोकळ्या हसल्या की बाहेरच्या बाकावरचे लोक आत डोकावायला लागले.

"लावला," त्या म्हणाल्या. "पण वहीत लिहून लावला."

चार वाजता लाल औषध नळीतून उतरायला लागलं. इंद्रभान पडल्या पडल्या थेंबाकडे पाहत होता. पहिला थेंब हातात गेला तसा तो म्हणाला, "लाभ."

*

सप्टेंबरात मुंबईहून नवीन कार्डांचा गठ्ठा आला. सोबत दोन ओळींचं पत्र. दवाखान्याचा काटा तपासला, शंभर ग्रॅम जास्त दाखवत होता, दुरुस्त केला आहे. उकंडरावांनी ते पत्र आवारात कुणाला दाखवलं नाही. फक्त वहीच्या पुठ्ठ्यात नीट घडी घालून ठेवलं, आणि दोन दिवसांत तीनदा उघडून पाहिलं.

नव्या कार्डांवर वजनाच्या रकान्याखाली बारीक अक्षरात एक ओळ छापलेली होती: 'काट्यावर दिसेल तेच लिहावे. त्यातून काहीही वजा करू नये.' चाचणीतल्या प्रत्येकाच्या कार्डांवर ती ओळ गेली होती. बाकीच्यांना ती कशासाठी आली ते कधीच कळणार नव्हतं.

बारा सप्टेंबरला, सोमवारी, बेबीताईचा काटा अकोल्याहून दुरुस्त होऊन आला होता. पण इंद्रभान आवारातच आला. "तिच्या काट्यावर बसाले भेटत नाही," तो म्हणाला. पारड्यात मांडी घालून बसला आणि साखळ्या धरल्या. टोपीखालून, कानापाशी, लव उगवायला लागली होती.

"चपला काढू का?"

"नका काढू."

"पाऊस लागला होता येता येता. सदरा ओला हाये."

"राहू द्या ओला."

"अन् खाऊन आलो."

"दिसून राह्यलं. हालू नका."

दांडी सरळ झाली. उकंडराव "लाभ" म्हणाले आणि थेट नव्या कार्डावर लिहिलं, पंचावन्न किलो सहाशे. पेन्सिल त्या आकड्याच्या उजवीकडे जरा घुटमळली. तिथं रकानाच नव्हता. मग त्यांनी जेवणाच्या ओळीवर नजर नेली, जवायाकडे पाहिलं, आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं:

भाकरी तीन. काठासकट.